सँडी कोफॅक्स यांच्या निवृत्तीविषयी खुलासा

‘बेसबॉलपटू सँडी कोफॅक्स यांनी योम किप्पूर या ज्यू धर्मीयांच्या पवित्र दिवशी खेळण्यास नकार दिल्यामुळे लॉस एंजेलिस डॉजर्सचे विजेतेपद हुकले आणि पुढे त्यांनी धर्मासाठीच खेळ सोडला’, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील केवळ नकाराचा भाग खरा आहे.

६ ऑक्टोबर १९६५ रोजी, योम किप्पूरच्या दिवशी, मिनेसोटा ट्विन्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम विजेतेपद मालिकेच्या) पहिल्या सामन्यात कोफॅक्स उतरले नाहीत. त्यांच्या जागी डॉन ड्रायस्डेल यांनी पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू फेकण्याचे काम) केले आणि डॉजर्स ८-२ असे हरले. दुसऱ्या दिवशी मात्र कोफॅक्स खेळले, आणि तोही सामना संघाने गमावला, ही बाब असा मजकूर लिहिणारे सोयीस्करपणे विसरतात. पाचव्या सामन्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू दिली नाही, आणि अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सातव्या, निर्णायक सामन्यातही तेच करून २-० असा विजय मिळवून दिला. विजेतेपद डॉजर्सनाच मिळाले.

निवृत्तीचे कारण तर पूर्णपणे वेगळे होते. १९६६ च्या हंगामात पिचर म्हणून २७ विजय मिळवूनही, डाव्या कोपराच्या संधिवातामुळे, त्यांनी वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ थांबवला. बेसबॉलनंतर बरेच आयुष्य उरले आहे आणि ते धडधाकट शरीराने जगायचे आहे, ही त्यांची भूमिका त्यांनी तेव्हाच जाहीरपणे मांडली होती.