अर्थची पिन काढू नका: 'सात झटपट उपायां'ना उत्तर

'वर्गातला प्रोजेक्टर, माइक, स्पीकर, सगळ्यावर सात झटपट उपाय, टेक्निशियनची गरजच नाही' असा एक मेसेज प्राध्यापकांच्या ग्रुपांमधून फिरतोय. विद्यापीठातल्या वर्गांची ऑडिओ-व्हिज्युअल यंत्रणा सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे तो माझ्याकडे आधीही आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. परवा माझ्या भाच्याने पाठवला. तो हल्लीच शिकवायला लागलाय, त्याच्या वर्गात स्पीकर सारखे घूं करत राहतात, आणि मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, 'मावशी, पक्कड आणलीये, आज पिन काढून टाकतो.' त्याला लगेच फोन करून थांबवलं. पण हा मेसेज वाचणाऱ्या प्रत्येकाला मी फोन करू शकत नाही, म्हणून लिहितेय.

क्रमाने जाणार नाही. आधी तिसरा उपाय घेते, कारण तो जिवावर बेतणारा आहे. तो असा: 'स्पीकरमधून घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरची किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरची अर्थची पिन काढून टाका, आवाज लगेच बंद होतो.'

बऱ्याचदा होतो बंद, हे मला मान्य करावंच लागतं, आणि तेवढ्यामुळेच लोक यावर विश्वास ठेवतात. पण का बंद होतो ते बघा. लॅपटॉपचा चार्जर टेबलाजवळच्या बोर्डात असतो, अ‍ॅम्प्लिफायर मागच्या कपाटात, प्रोजेक्टर छताला, आणि तिघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वायरींनी बिल्डिंगच्या अर्थपर्यंत जातं. या वाटांच्या टोकांना व्होल्टेज अगदी तंतोतंत सारखा कधीच नसतो, थोडासा फरक राहतोच. मग तुम्ही लॅपटॉपमधून ऑडिओची केबल अ‍ॅम्प्लिफायरला लावता, तिच्या बाहेरच्या जाळीतून दोन्ही अर्थ एकमेकांना जोडले जातात आणि त्या जाळीतून थोडा करंट फिरायला लागतो. ३.५ मिलिमीटरच्या साध्या जॅकवाल्या केबलमध्ये तीच जाळी सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे तिथून जे फिरतं ते स्पीकरमधून ऐकू येतं. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले आवाज, ६० चा असेल तर ६० चे. याला ग्राउंड लूप म्हणतात. पिन काढली की लूप तुटतो, आवाज जातो.

आणि त्याचबरोबर तुमचं संरक्षणही जातं. अर्थची वायर आवाजासाठी नसतेच. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत कधीतरी इन्सुलेशन गेलं आणि फेजची वायर लोखंडी बॉडीला टेकली, तर अर्थ असताना एकदम मोठा करंट वाहून ब्रेकर पडतो. अर्थ नसेल तर ब्रेकर पडायचं काही कारणच राहत नाही, ती बॉडी पूर्ण मेन्स व्होल्टेजवर तशीच बसून राहते, दिवे चालू, स्पीकर चालू, कुणाला काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, पिन काढलेल्या यंत्राला अर्थपर्यंत जायला आता एकच वाट उरते, ती बारीक ऑडिओ केबल. म्हणजे बिघाड कपाटातल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि करंट येणार टेबलावरच्या लॅपटॉपवर, आवाजाच्या मिक्सरवर, वायरच्या माइकवर. शिकवणाऱ्याचा एक हात धातूच्या माइकवर आणि दुसरा लोखंडी पोडियमवर असतो. आता हे वाचून कुणी म्हणेल की आमच्याकडे आरसीसीबी आहे, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. असेल तर चांगलंच आहे, पण तो शेवटचा आधार आहे, पहिला आधार तोडायची परवानगी नाही. चार्जरची पिन काढलेल्या धातूच्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात ना, त्या चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणाऱ्या अगदी छोट्या करंटच्या असतात. ती गळती बाहेर काढायलाही तीच पिन असते.

मी एकटीच हे म्हणतेय असं नाही. या घूं आवाजावर ज्यांचा शब्द जगभरचे साउंड इंजिनिअर प्रमाण मानतात ते बिल व्हिटलॉक, जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स कंपनीचे अनेक वर्षं अध्यक्ष, यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की लूप तोडायचा तो सिग्नलच्या वाटेत, सुरक्षेच्या अर्थमध्ये कधीही नाही. दोन पिनांचा अडॅप्टर मध्ये घालणं म्हणजेही पिन काढणंच, त्यालाही त्यांचा तेवढाच विरोध.

मग करायचं काय? चार्जर बोर्डातून काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबला तर लूप चार्जरमार्गे आहे. नाही थांबला तर प्रोजेक्टरची केबल काढून बघा, कारण पुष्कळदा लूप छतावरच्या प्रोजेक्टरमार्गे येतो आणि लोक चार्जरला दोष देत बसतात. लॅपटॉपच्या बाजूने ऑडिओची केबल सोडवली आणि टोक मोकळं लोंबत असताना घूं झाला तर त्यातून काही कळत नाही, मोकळं टोक आवाज पकडतंच. केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने काढून बघा. तरीही आवाज येत असेल तर भानगड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे, लॅपटॉपला हात लावू नका. लूपच निघाला तर चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेता आले तर घ्या, पुष्कळ फरक पडतो. नाहीच जमलं तर ऑडिओच्या केबलमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, किंवा मिक्सरला एक्सएलआर (माइकचं तीन पिनांचं) इनपुट असेल तर मध्ये डीआय बॉक्स. छोटी डबी असते, सिग्नल पलीकडे जातो, पण दोन बाजूंना जोडणारी तार मध्ये राहत नाही. आणि तासभर शिकवायचंय, बॅटरी भरलेली आहे, तर चार्जर काढून ठेवा आणि शिकवा, पिन काढून नव्हे. आधीच कुणी पिन काढली असेल तर ती वायर कापून टाका, ड्रॉवरमध्ये ठेवू नका, कारण उद्या दुसरा कुणीतरी ती उचलून लावणार.

आता चौथा, 'माइक किंचाळला तर त्याची जाळी हाताने झाका'. उलटा उपाय आहे. हातात धरायचे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त ऐकतात आणि मागचं कमी, आणि हे शक्य होतं ते जाळीच्या आत मागच्या बाजूला असलेल्या फटींमुळे. त्या फटी हाताने झाकल्या की माइक सगळीकडचं ऐकायला लागतो, स्पीकरचंसुद्धा, म्हणून आणखी किंचाळतो. स्पीकरच्या पुढे उभे राहू नका, मागे या, माइक तोंडाजवळ घ्या आणि आवाज कमी करा. माइकचं तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल फुकट मिळतात.

सहावा वाचून मला खरंच राग आला: 'आवाज दणदणीत असेल तर माइकची गरज नाही, माइक वापरणं म्हणजे आळस'. अंतर दुप्पट झालं की आवाज मोकळ्या जागेत ६ डेसिबलने पडतो. वर्गात भिंती थोडी भर घालतात, पण त्या पंख्याच्या आवाजातही भर घालतात आणि शब्दांत घुमाराही. शेवटच्या बाकावर तुमचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. शाळांच्या वर्गांसाठीचं अमेरिकेतलं एएनएसआय एस १२.६० हे मानक रिकाम्या वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डीबीए (कानाला जाणवतो तसा मोजलेला डेसिबल) आणि साध्या आकाराच्या खोलीत घुमार ०.६ सेकंदाच्या आत ठेवा म्हणतं. एवढ्या शांत किती खोल्यांत आपण शिकवतो? आणि ज्यांना कमी ऐकू येतं ती मुलं हात वर करून सांगत नाहीत, गप्प बसतात. इंडक्शन लूप (श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी तार) बसवलेल्या वर्गात श्रवणयंत्राला आवाज माइकमधूनच जातो, रेकॉर्डिंगलाही तिथूनच जातो, माइक बंद म्हणजे त्यांच्यासाठी तुम्ही बोललाच नाहीत. 'मागे ऐकू येतंय ना?' असं विचारून भागत नाही, कारण ज्याला ऐकू आलं नाही त्याला तो प्रश्नही ऐकू आलेला नसतो.

बाकीचे पटकन उरकते.

'प्रोजेक्टर मेन स्विचने बंद करा, लॅम्प जास्त टिकतो.' लॅम्पवाल्या प्रोजेक्टरला हे चालत नाही. आतला दिवा पाऱ्याच्या वाफेचा असतो, प्रचंड तापलेला आणि दाबाखाली, बंद केल्यावर पंखा फिरत राहतो तो त्याला थंड करायला. अर्धसत्य एवढंच की नव्या लेझर आणि काही लॅम्प मॉडेलांत थेट बंद करायची सोय कंपनीनेच दिलेली असते. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तरच करा.

'सोन्याचा मुलामा असलेली महाग एचडीएमआय घ्या, चित्र स्वच्छ येतं.' डिजिटल सिग्नल आहे, मुलाम्याने रंग सुधारत नाहीत. सोनं गंजत नाही म्हणून वारंवार काढ-घाल होणाऱ्या ठिकाणी त्याचा थोडा उपयोग आहे, तेवढंच. खरी अडचण लांबीची असते. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोर-के चित्रासाठी सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत नेणारी केबल लागते, आणि पोडियमपासून छतापर्यंत लांबलचक साधी तांब्याची केबल टाकली की ठिपके चमकायला लागतात किंवा पडदा मधूनच काळा होतो. तिथे एचडीबेसटी (नेटवर्कच्या केबलवरून चित्र लांब नेणारी यंत्रणा) किंवा ऑप्टिकल केबल लागते, आणि ऑप्टिकलचं कुठलं टोक लॅपटॉपला आणि कुठलं प्रोजेक्टरला हे तिच्यावर लिहिलेलं असतं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही.

'चित्र आलं नाही की लॅपटॉप रीस्टार्ट करा.' कधीकधी चालतं, मान्य, कारण लॅपटॉप प्रोजेक्टरला त्याची रिझोल्यूशनं पुन्हा विचारतो. पण मुलं समोर बसलेली असताना एवढा वेळ कशाला घालवायचा? प्रोजेक्टर चालू, योग्य इनपुट निवडलेला, केबल काढून परत लावा, विंडोज असेल तर विंडोज की आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. स्लाइड दिसतायत पण सिनेमा लावला की काळं, तर ती कॉपी-संरक्षणाची अडवणूक आहे, रीस्टार्टने जाणार नाही.

राहिला सातवा, 'टेक्निशियनला बोलवू नका, वेळ जातो'. आम्ही वर्गात येऊन अर्धा वेळ घालवतो तो नेमकं काय झालं हे विचारण्यातच, तोच आधी वाचवता येतो. फोनवर एवढं सांगा: पडद्यावर 'नो सिग्नल' लिहून आलंय की 'नॉट सपोर्टेड' की नुसतंच काळं, केबल कुठल्या पोर्टला आहे, मध्ये कुठला अडॅप्टर आहे का, आणि काल त्याच वर्गात दुसऱ्याचा लॅपटॉप चालला होता का. 'नो सिग्नल' असेल तर आम्ही केबल किंवा इनपुट तपासायला येतो, 'नॉट सपोर्टेड' असेल तर बहुतेक वेळा जागेवरून हलायचीही गरज नसते, रिझोल्यूशन किती ठेवायचं ते फोनवरच सांगतो.