घशातल्या ॲसिडिटीवर व्हिनेगर पाजणाऱ्यांना

तासगावच्या आत्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या ॲसिड कमी करण्याच्या गोळ्या बंद करून सकाळी उपाशीपोटी व्हिनेगर सुरू केलं. कारण सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरणारा फॉरवर्ड: "सारखं खाकरावं लागतं, घशात गोळा वाटतो, म्हणजे पोटात ॲसिड कमी झालंय. उपाशीपोटी पाव चमचा सोडा पाण्यातून घ्या. पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर खात्री समजा. मग रोज दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर. छातीत जळजळ नाही ना? मग गोळ्या फेका, त्या किडनी खातात."

आधी व्हिनेगर, कारण खरं नुकसान तेच करतं. पोटातून वर नुसतं ॲसिड येत नाही, त्याबरोबर पेप्सिन येतं, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम. ते स्वरयंत्राच्या अस्तरात जाऊन बसतं आणि पुन्हा आंबट मिळालं की कामाला लागतं. व्हिनेगरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 2.5 ते 3. म्हणजे सोललेल्या घशात पेप्सिनला लागणारं आंबट आपणच ओततोय! अन्ननलिका थोडंफार ॲसिड रोज सोसते, स्वरयंत्राला तेवढंही झेपत नाही.

सोड्याने पोटात गॅस होतो, एवढं खरं. पण ढेकर गिळलेल्या हवेनेही येते, तिच्यावरून ॲसिड मोजता येत नाही. उलट त्या गॅसबरोबर आणखी आंबट वर येतं. ते खरंच वर येतंय का हे बघायचं, तर नाकातून बारीक नळी घालून 24 तासांची तपासणी असते.

जळजळ नसतानाही घशाला त्रास होतो, त्यात नवल नाही. गोळ्यांबाबत मात्र अर्धी गोष्ट मान्य करावी लागते. 2021 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत घशाच्या तक्रारी असलेल्या 346 जणांपैकी काहींना लॅन्सोप्राझोल हे ॲसिड कमी करणारं औषध 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 16 आठवडे दिलं, बाकीच्यांना खोटी गोळी. फरक पडला नाही. तेव्हा जळजळ नसताना नुसत्या खाकरण्यावर महिनोन्महिने गोळ्या नकोत, आधी तपासणी हवी. पण जळजळही असेल तर 8 ते 12 आठवडे गोळी घेऊन बघतात, तीही जेवणाआधी अर्धा तास. लोक जेवून घेतात आणि गुण नाही म्हणतात. बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम तोडली की ॲसिड उसळतं, ते वेगळंच. किडनीशी संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, पण गोळीनेच किडनी जाते हे त्यांतून सिद्ध होत नाही.

उसाला पाणी पाजून रात्री दहाला जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हे आधी बदला. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांच्या विटा द्या. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपा. जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं औषध (पोटातल्या अन्नावर थर धरून ॲसिड वर येऊ न देणारं) घ्या, त्यावर पाणी पिऊ नका.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना अडकत किंवा दुखत असेल, एकाच कानात कळ येत असेल, मानेला गाठ लागत असेल किंवा थुंकीत रक्त दिसत असेल, तर घरचे उपाय बंद. मिश्री किंवा तंबाखू असेल तर एक दिवसही थांबू नका. मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या.