२५२० रामानुजनांनी शोधलेली नाही

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज आहे. त्यात म्हटलेलं असतं, की १ ते १० या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या आहे, ती रामानुजनांनी शोधली, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात तिचं रहस्य दडलंय.

भाग जातो, हे खरं. पण एकमेव? ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० ची कुठलीही पट घ्या, भाग जातोच. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार केला की झालं. बाकीचे सगळे त्यातच येतात.

सम आणि विषम दोन्हींनी भाग जाणं दुर्मिळ असतं, असंही त्या मेसेजमध्ये असतं. ६ ला २ नेही भाग जातो आणि ३ नेही.

७ × ३० × १२ = २५२० हा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात गूढ काही नाही. ३० म्हणजे २×३×५, १२ म्हणजे २×२×३. वर ७ धरला की तीन वेळा २, दोन वेळा ३, एक ५, एक ७. ८×९×५×७ मध्येही नेमके हेच अवयव आहेत. शिवाय ३० × १२ म्हणजे वर्ष ३६० दिवसांचं धरलंय, पण पंचांगातलं चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं. ३६० दिवसांचं सावन वर्ष धरलं, तरी त्याला ७ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणजे वर्षात पूर्ण आठवडेसुद्धा बसत नाहीत.

मला खरा राग येतो तो रामानुजनांच्या नावाचा. लसावि काढायची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात आहे. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अपूर्णांकांच्या बेरजेसाठी ती वापरली. रामानुजनांचा जन्म १८८७ चा. शाळेतलं गणित त्यांच्या नावावर खपवलं, की त्यांचं खरं काम कुणी विचारतच नाही.

ते काम १९१५ च्या त्यांच्या दीर्घ निबंधात आहे. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांना जास्त विभाजक असतात, अशा संख्यांचा तो अभ्यास. २५२० तिथे आहे, ४८ विभाजकांसह, पण अशा अनेक संख्यांपैकी एक म्हणून. अशा संख्येचे मूळ अवयव पाडले, तर लहान अवयवाचा घात मोठ्याच्या घातापेक्षा कधीच कमी नसतो, आणि ४ व ३६ वगळता सर्वांत मोठा मूळ अवयव एकदाच येतो, हे त्यांनी सिद्ध केलं. २५२० मध्येच पाहा: २ तीनदा, ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा.

अशा संख्यांचा त्यांचा तक्ता ६७,४६,३२,८३,८८,८०० या संख्येपर्यंत जातो. तिला १०,०८० विभाजक आहेत. संगणक नसताना केलेल्या त्या तक्त्यातून एक संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. तिला ५०४० विभाजक आहेत, आणि २३ ने गुणलं की तक्त्यातली शेवटची संख्या मिळते.