तुमच्या इंग्लंडात चालतं ना, काका?

गेला आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. फोंड्याला माझ्या दादाचा मुलगा, वय एकोणीस, त्याला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक छोटा अजगर, पाळायचाय. बंगळूरच्या कुठल्यातरी ब्रीडरशी बोलणं झालंय, पैसे साठवलेत, काचेची पेटी बघून ठेवलीय. वहिनी नको म्हणते, दादा म्हणतो पाळू दे, निदान मोबाइल तरी खाली ठेवेल. आणि या भांडणात पुतण्याने मला ओढलं. "काका, तुमच्या इंग्लंडात घराघरात पाळतात. तिथं चालतं ना, मग आपल्याकडंच काय प्रॉब्लेम?"

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. गोव्यात कुणाला काही करायचं असलं की तुमच्या तिकडं चालतं ना, आणि करायचं नसलं की तुमच्या तिकडचं इथं सांगू नको, असं चौदा वर्षं ऐकतोय मी.

हो, चालतं. इंग्लंडात स्विंडनला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर दुकान आहे, फ्रीझरमध्ये पाकिटात उंदीर मिळतात, थर्मोस्टॅट मिळतो, पेटीतल्या दिव्याची यूव्हीबी ट्यूब मिळते. 1976 चा कायदा आहे, विषारी साप ठेवायचा तर कौन्सिलचं लायसन्स लागतं, पण बॉल पायथनला, इथं त्याला रॉयल पायथन म्हणतात, लायसन्स लागत नाही. पण इथला साप पेटीतून निसटून बॅक गार्डनमध्ये गेला तर जानेवारीत मरतो. इथं चालण्यामागचं निम्मं कारण ही थंडी आहे, आणि ती काही पार्सलने फोंड्याला पाठवता येत नाही. बॉल पायथन घाना-बेनिनकडचा, तिथल्यासारखीच ऊब आणि दमट हवा आपल्याकडं बारा महिने फुकट आहे.

दादा कायदा सांगतो. वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, 2023 च्या एप्रिलपासून लागू आहे, 2024 चे नियम आले, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं, की झालं कायदेशीर. म्हणजे आपल्याच कुळागरातली, सुपारी-नारळाच्या बागेतली, धामण पेटीत ठेवली तर गुन्हा आणि आफ्रिकेतला अजगर ठेवला तर फॉर्म. धामणीचा कायदा बरोबरच आहे, माझं म्हणणं एवढंच की फॉर्म भरला म्हणून साप पेटीत राहतोच असं नाही. आणि कंटाळा आल्यावर प्राणी रात्री गुपचूप सोडून देतात, कुणी पोर्टल उघडून बसत नाही, हे दादाला माझ्याइतकंच माहीत आहे.

कारण आम्ही दोघांनी ते केलंय. मी पण तेव्हा एकोणीसचाच होतो. मडगावहून रुपयाएवढं हिरवं कासव आणलं, डोळ्यांमागे लाल पट्टा, अमेरिकन जात, रेड-इअर्ड स्लायडर, हे नाव मला इथं आल्यावर कळलं. दोन वर्षांत ते बशीएवढं झालं, पाण्याला वास यायला लागला, आई ओरडायला लागली. एका रात्री दादाच्या स्कूटरवरून जाऊन आम्ही ते देवळाच्या तळीत सोडलं आणि वर पुण्य केल्यासारखं वाटलं. इंग्लंडच्या तलावात सोडलेली अशी कासवं वर्षानुवर्षं जगतात, पण इथल्या उन्हाळ्यात त्यांची अंडी सहसा उबतच नाहीत, तरीसुद्धा 2016 ला युरोपच्या घातक परक्या जातींच्या यादीत ती आली आणि विक्री, पैदास बंद झाली. आपल्याकडं उन्हाळ्याची काय कमी आहे?

त्यामुळे तुलना करायचीच तर स्विंडनशी करू नका, फ्लोरिडाशी करा. बर्मीज पायथन, आपल्याच आशियातला अजगर, लोकांनी हौसेने नेला, काही सुटले, काही सोडले, आणि आता एव्हरग्लेड्सच्या दलदलीत हजारोंनी आहेत. 2012 च्या अभ्यासात तिथं रात्री रस्त्यावर दिसणारे रकून 99 टक्क्यांनी घटले होते. त्याच वर्षी अमेरिकेने आयात बंद केली, तोवर उशीर झाला होता. पुतण्या म्हणेल बॉल पायथन चार-पाच फुटांचाच असतो. म्हणू दे.

मला खरी भीती दुसरीच आहे. बॉल पायथन आखूड, जाडजूड, तपकिरी, अंगावर ठिपके. आता घोणस डोळ्यासमोर आणा. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात घेतल्यामुळे आपल्याकडं माणसं चावून घेतात. रोज पेटीतून साप काढून मनगटाला गुंडाळायची सवय लागलेला पोरगा पावसाळ्यात माडाखाली तसलंच काही दिसलं तर काय करेल? इंग्लंडात रानात विषारी साप एकच जातीचा, अॅडर. आमच्या कुळागरात नाग, मण्यार, फुरसं, घोणस सगळे आहेत, आणि त्यांच्यासोबत जगायची आपली एक रीत आहे. सातेरी देवीची रोयण, म्हणजे वारूळ, देवळात असते, आपण तिला हळद-कुंकू लावतो, आत हात घालत नाही. आमच्या दुर्भाटला पौष अमावास्येला मानगे थापणी होते, चिखलाची मगर करून पुजतात, खऱ्या मगरी तिकडे कुंभारजुवेच्या कालव्यात. आईला पुतण्याचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सोरोप घरांत दवरतात व्हय रे?" म्हणजे, साप घरात ठेवतात का रे?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं असतं. पण पुतण्याने लगेच पुढचं टाकलं, "काका, तुम्ही गाव सोडलंत, आम्ही इथं राहतो." त्यावर मी दोन दिवस काहीच लिहिलं नाही. राग आला म्हणून नाही.

आमच्या हॉलमध्ये कॉर्न स्नेक आहे, बिनविषारी पाळीव साप. गेल्या वर्षी हाफ-टर्मच्या शाळेच्या सुट्टीत आणला, लेकीसाठी. तेरा वर्षांची आहे, शाळा बदलल्यावर कुणाशी बोलायची नाही, सापांवर मात्र तासभर बोलायची. सोडलेले प्राणी सांभाळणाऱ्या रेस्क्यू सेंटरमधून घेतला, आधीच्या मालकाने घर बदललं आणि तिथं ठेवू देत नव्हते. दर आठवड्याला ती उंदीर कोमट पाण्यात सोडवते, वजन वहीत लिहिते, आणि मी रात्री कामाला निघताना काचेचं कुलूप दोनदा बघतो. ती युनिला जाईल तेव्हाही त्याची बरीच वर्षं उरलेली असतील, तेव्हा तो माझाच. मला तो आवडतो, हेही सांगून टाकतो. त्याच्यामुळे लेक बोलायला लागली, मला गावात असतो तर असं काही करावं लागलं नसतं असं अनेकदा वाटतं, तिला धामण अंगणात फुकट दिसली असती, आजी शेजारी असती.

घरी कुणाला माहीत नाही. आईला व्हिडिओ कॉल करताना मी किचनमध्ये जाऊन बसतो, हॉलमधून पेटीचा दिवा दिसतो म्हणून. ती विचारते, तुझा हॉल कधी दाखवत नाहीस रे.

फोंड्यात तो अजगर नको, हे माझं मत आजही तेच आहे. उद्या ग्रुपवर आधी आमच्या पेटीचा फोटो टाकतो, मग नको का म्हणतो ते लिहीन.