गट पाडले म्हणून गणित येत नाही

शिक्षण हक्क कायद्यानं ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे तिसरी आणि चौथी एकाच बाईंकडे. चौथीला अपूर्णांक समजावताना तिसरीनं काय करायचं? फळ्यावरची उदाहरणं उतरवायची, हेच सगळीकडे चालतं. म्हणून मला वाटतं, मुलांनी मुलांबरोबर गणित शिकणं ही आपल्या शाळांची रोजची गरज आहे.

२०१५ला राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराची, चर्चा सुरू झाली, वर्गात गोल आखले गेले, फरशा रंगल्या. चांगलंच झालं. पण गोलात बसून एक हुशार पोर गणित सोडवतं आणि तिघं उतरवून घेतात, तर त्याला गटकार्य कसं म्हणायचं?

५२ वजा ३८ घ्या. बरीच मुलं २६ लिहितात, कारण आठातून दोन जातात, दोनातून आठ जात नाहीत! परवा तिसरीतल्या एका मुलीनं असंच केलं. तिच्या पुढ्यात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या ठेवल्या. आठ काढायला गेली, अडली. शेजारची म्हणाली, “अगं, एक गठ्ठा सोड की!” रबर निघालं, बारा सुट्ट्या झाल्या, आठ उचलल्या, चार उरल्या. चार गठ्ठ्यांतून तीन गेले. चौदा. मग तिनंच गटातल्या तिसऱ्याला ‘उसना घेतलेला एक म्हणजे दहा कसा’ ते दाखवलं. हातचा आणि उसना मी कितीही घोकून घेतले असते, तरी हे झालं नसतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रॉबर्ट स्लाव्हिन यांनी गटात मिळून शिकण्याच्या पद्धतीवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीत दोन गोष्टी पक्क्या आहेत: यश गटाचं, पण जबाबदारी प्रत्येकाची. अभ्यास चौघांनी मिळून करायचा, चाचणी मात्र एकेकट्यानं द्यायची, आणि गटाला गुण कशाचे, तर प्रत्येकजण स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती पुढे गेला याचे. त्यामुळे कच्च्या मुलाला समजावण्यात हुशार मुलाचाही फायदा असतो. पालक विचारतात, “आमच्या पोरानं दुसऱ्यांना का शिकवायचं?” त्यांना मी हेच सांगते, शिवाय समजावून सांगताना त्याचंही पक्कं होतं.

उत्तर कोण सांगणार हे आधी ठरवू नका. चिठ्ठी काढा, ज्याचा नंबर येईल त्यानं उठून सांगायचं, तेही ‘कसं आलं’ यासह. आणि वर्गात गलका झाला म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी कृपा करून शेरा मारू नये. आधी एखाद्या गटाजवळ खाली बसून ऐकावं, मुलं काय बोलतायत ते.