आइस रिंक आणि ‘उघड्या फ्रीज’चा हिशोब

“उष्ण प्रदेशात आइस रिंक बांधणं म्हणजे दार सताड उघडं टाकून फ्रीज चालवणं. बहुतेक वीज पाणी गोठवण्यातच जाते, बाहेर पारा चढला की बिल दुप्पट, आणि यंत्रांतला वायू पृथ्वी तापवतो तो वेगळाच. त्यापेक्षा प्लास्टिकचा बर्फ अंथरा.” हा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यामागची काळजी खरी आहे, पण त्यातला हिशोब चुकलेला आहे, आणि चुकलेल्या हिशोबावर एखाद्या वस्तीने बर्फावर स्केटिंग करायच्या सार्वजनिक रिंकचा नाद सोडला तर मला ते मनापासून खटकेल.

आधी गोठवण्याचं बघू. ऑलिंपिक आकाराचं रिंक ६० बाय ३० मीटरचं असतं. त्यावर ३ सेंटिमीटर बर्फ म्हणजे साधारण ५० टन. २५ अंशांचं पाणी उणे ५ पर्यंत न्यायला किलोमागे सुमारे ४५० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. विजेच्या एका युनिटमागे यंत्रणा अडीच-तीन युनिट उष्णता उपसत असेल, तर हे काम दोन-अडीच हजार युनिटांत उरकतं. स्वीडनमधलं सरासरी रिंक वर्षाला दहा लाख युनिटांच्या आसपास वीज खातं. त्यापुढे गोठवणं म्हणजे पाव टक्का. खरा खर्च तयार बर्फ टिकवण्याचा आहे.

मग बर्फाला तापवतं कोण? ऊन नव्हे, कारण बंद इमारतीत ते बर्फापर्यंत पोचतच नाही. बरंचसं तापवतं ते डोक्यावरचं छत. २५ अंशांवरचं साधं रंगवलेलं छत उणे ४ अंशांच्या बर्फावर दर चौरस मीटरला जवळपास १३० वॅट उष्णता किरणांवाटे ओततं. तेच छत चकचकीत, उष्णता फारच कमी सोडणाऱ्या पत्र्याने किंवा पडद्याने मढवलं, तर हा आकडा सरळ हिशोबाने १० वॅटच्या खाली येतो. पत्र्यावर धूळ बसते, दिवे आणि भिंतीही आपली भर घालतात, त्यामुळे प्रत्यक्षात बचत एवढी होत नाही. तरीही एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. शिवाय साधं छत बर्फाला उष्णता देता देता स्वतः गार होतं. मग त्यावर दव धरतं, थेंब खाली पडतात आणि बर्फावर टणक टेंगळं उठतात. स्केटचं पातं त्यावर अडलं की माणूस तोंडावर आपटतो.

दव म्हटलं की दमट हवा आलीच, आणि मजकुरात तिचा उल्लेखही नाही! ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या घनमीटरभर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं, तर रिंकमधल्या १० अंशांच्या कोरड्या हवेत जेमतेम ६. दोन मीटर रुंद, अडीच मीटर उंच दार मिनिटभर उघडं राहिलं आणि संथ झुळकीइतकी हवा आत आली, तरी अडीच किलोंहून जास्त पाणी आत येतं. ते बर्फावर गोठलं तर दोन युनिट उष्णता बर्फातच सोडतं, वर सगळीकडे धुकं. म्हणून एकामागे एक दोन दारं, दोन्ही एकाच वेळी न उघडणारी, भिंतींच्या सांध्यांत फट नाही आणि आत हवेचा दाब किंचित जास्त. बाकीची वाफ सिलिका जेलच्या फिरत्या चाकाने शोषायची. ते चाक पुन्हा सुकवायला गरम हवा लागते, आणि कॉम्प्रेसरची उष्णता तर तिथे आयतीच असते. आंघोळीचं पाणीही त्यावरच तापवता येतं. नीट बांधलेलं रिंक म्हणजे दार बंद असलेला फ्रीज, तोही जाड उष्णतारोधक थरावर बसवलेला.

पारा चढला की खर्च वाढतो, हे मात्र खरं. पण किती? बर्फाखालचं द्रव्य उणे १५ अंशांवर ठेवून उष्णता ३० ऐवजी ४५ अंशांवर फेकावी लागली, तर आदर्श यंत्राचीही कार्यक्षमता चतुर्थांशाने घटते. म्हणजे त्याच कामाला सुमारे तेहतीस टक्के जास्त वीज. हे थोडं नव्हे, पण दुप्पटही नाही. बाहेर उष्णता फेकणाऱ्या कंडेन्सरवर पाण्याचा फवारा ठेवला, रात्रीच्या गारव्यात गारवा साठवून ठेवला, तर तेही कमी होतं.

यंत्रात फिरून उष्णता वाहणाऱ्या वायूच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते जुन्या यंत्रांबद्दल. आर-५०७ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ४,००० पट तापवणारा. दुसरा पर्याय अमोनिया. त्याचा हा आकडा शून्य, पण तो विषारी. २०१७ साली कॅनडातल्या फर्नी इथल्या रिंकमध्ये अमोनिया गळून तीन माणसं गेली. त्यामुळे तो वापरायचा तर वेगळ्या यंत्रघरात, गळती ओळखणाऱ्या सेन्सरसकट, आणि बर्फाखाली मिठाचं पाणी किंवा ग्लायकोल हे सहज न गोठणारं द्रव फिरवायचं. तिसरा पर्याय कार्बन डायऑक्साइडच. बीजिंगच्या २०२२ हिवाळी ऑलिंपिकमधलं स्पीड स्केटिंगचं मैदान त्यावरच गोठवलं होतं. तापमान ३१ अंशांच्या वर गेलं की तो द्रवरूप होत नाही, म्हणून उष्ण हवेत त्याची यंत्रणा जास्त काळजीने आखावी लागते.

राहिला प्लास्टिकचा बर्फ. पहिली पावलं शिकायला तो चांगला, पण त्यावर घर्षण जास्त, पाती लवकर बोथट होतात, आणि खऱ्या बर्फावरची घसरण काही मिळत नाही. वीजच वाचवायची असेल तर ६० बाय ३० चा हट्ट सोडा. ४० बाय २० च्या रिंकचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, आणि वस्तीतल्या मुलांच्या सरावाला ते पुरतं.