आयरिश नाटकवाले अस्मिता जपत नाहीत, तिची झडती घेतात

आपल्याकडे अस्मितेवर चर्चा सुरू झाली की दहाव्या मिनिटाला कुणीतरी आयर्लंड काढतंच. एवढासा देश, इंग्रजांनी शेकडो वर्षं दाबून ठेवलेला, तरी रंगभूमीच्या जोरावर स्वतःची ओळख कशी टिकवली बघा! मग सगळे माना डोलावतात. यातल्या किती जणांनी अलीकडचं एखादं आयरिश नाटक वाचलंय, हे मी विचारत नाही. विचारलं की लोक नाराज होतात.

मला हे उदाहरण अजिबात पटत नाही. ओळख टिकवायला म्हणून तिथे रंगभूमी उभी राहिली हे खरं. 1904 मध्ये डब्लिनचं ॲबी थिएटर सुरू झालं, त्यामागे कवी येट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांचा हाच हेतू होता. इंग्रजी रंगमंचावर आयरिश माणूस म्हणजे दारुडा विदूषक, हे चित्र पुसायचं होतं. आणि तीनच वर्षांत, 1907 मध्ये, त्याच ॲबीत जे. एम. सिंग या आयरिश नाटककाराचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' आलं. बापाला मारून आलोय असं सांगणाऱ्या एका पोराला पश्चिम आयर्लंडच्या मेयो परगण्यातलं अख्खं गाव डोक्यावर घेतं, अशी गोष्ट. प्रेक्षकांनी थिएटरात दंगा केला. 1926 मध्ये नाटककार ओकेसीने ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावावरच्या नाटकात क्रांतिकारकांचे झेंडे दारूच्या गुत्त्यात आणले, वर तिथे एक वेश्याही ठेवली. पुन्हा दंगा. म्हणजे अस्मिता जपणारे लोक खुर्च्यांवर बसले होते. रंगमंचावरचे लोक त्यांच्या नाकी नऊ आणत होते. पुढची शंभर वर्षं हेच चाललंय, आणि माझ्या मते त्या रंगभूमीची खरी ताकद इथेच आहे.

ब्रायन फ्रीलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे आयरिश नाटक म्हणून बोललंच तर बहुतेक त्याच्यावरच बोललं जातं. त्याचं 'ट्रान्सलेशन्स' 1980 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या गिल्डहॉलमध्ये झालं. 1833 च्या डोनेगलमध्ये ब्रिटिश लष्कर नकाशे बनवतंय, गावांची आयरिश नावं बदलून इंग्रजी करतंय, आणि त्यांना मदत करणारा ओवेन त्याच गावचा मुलगा आहे. नाटक थोर आहे, वाद नाही. फक्त ओवेनचं काम करणाऱ्या नटाचं नाव लक्षात ठेवा, स्टीफन रे. फ्रीलबरोबर 'फील्ड डे' ही नाटक कंपनी त्यानेच काढली होती. पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

मार्टिन मॅकडोनाचं 'द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन' 1996 मध्ये गॉलवेच्या ड्रुइड या नाटक कंपनीने केलं. दिग्दर्शिका गॅरी हाइन्सला त्यासाठी 1998 मध्ये टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. नाटकाच्या दिग्दर्शनासाठी हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई. मॅकडोना जन्मला आणि वाढला लंडनमध्ये, आईबाप आयरिश. त्यामुळे हा 'खरा' आयरिश का, यावर तिकडे भरपूर शाई वाया गेली. नाटकात वरवर सगळं पोस्टकार्डासारखं आहे. पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराचे डोंगर, पाऊस, जुनं घर, म्हातारी आई आणि चाळिशीची अविवाहित मुलगी. पण घरात चाललंय काय, तर कॉम्प्लानवरून भांडण! आईला कॉम्प्लान बिनगुठळ्यांचं हवं, मुलगी मुद्दाम गुठळ्या ठेवते. रेडिओवर आयरिश भाषा लागली तर आईला ती बडबड वाटते. मुलगी भाषेची बाजू घेते खरी, पण ती स्वतः इंग्लंडमध्ये ऑफिसांचे संडास साफ करून आलीय आणि तिथे आयरिश म्हणून शिव्या खाल्ल्यात. आणि हीच मुलगी पुढे आईचा हात तापल्या चुलीवर दाबून धरते, त्यावर उकळतं तेल ओतते. मायभूमी म्हणजे माय, असं म्हणत आलेल्या देशाला हे पाहताना काय वाटलं असेल!

पण मला जास्त जवळचं वाटतं ते एन्डा वॉल्शचं 'द वॉलवर्थ फार्स' (2006, हेही ड्रुइडचंच). दक्षिण लंडनच्या वॉलवर्थ रोडवर एका सरकारी इमारतीतला कळकट फ्लॅट. डिनी नावाचा बाप, आयर्लंडमधलं कॉर्क शहर सोडून आलेला, आणि त्याचे दोन तरुण मुलगे. हे तिघं रोज न चुकता एक नाटक करतात: आपण कॉर्क का सोडलं, त्या दिवशी काय घडलं. बायकांची कामं एक मुलगा विग बदलून बदलून करतो. उत्कृष्ट अभिनयाचा चषक घरातच आहे आणि तो दररोज बापालाच मिळतो. ही गोष्ट धादांत खोटी आहे. बाप खून करून पळालाय आणि त्यावर पांघरूण म्हणून हे नाटक रचलंय. मुलांना मात्र त्यापलीकडचं कॉर्क माहीतच नाही. बाहेर जायची परवानगी एकाच मुलाला, तीही फक्त सामान आणायला.

एके दिवशी तो सुपरमार्केटमधून चुकीची पिशवी घेऊन येतो. कोंबडी हवी, आलंय सॉसेज. नाटकात कोंबडीच लागते, त्यामुळे बापाचं डोकं फिरतं. मग त्या दुकानातली काउंटरवरची मुलगी बरोबर पिशवी घेऊन दारात उभी राहते. ती कृष्णवर्णीय आहे. बाप तिला जाऊ देत नाही, नाटकात काम करायला लावतो, आणि ते आयरिश बाईचं काम म्हणून तिच्या तोंडाला पांढरं क्रीम फासतो. इथपर्यंत आपण हसत आलेलो असतो. परदेशात जाऊन गावाच्या आठवणी उगाळणाऱ्या माणसांबद्दल इतकं निर्दय मी दुसरं काही वाचलेलं नाही. परक्याला घरात घ्यायचं, पण आमच्या गोष्टीत बसेल असा रंग लावून!

हे हवेतून आलेलं नाही. नव्वदच्या दशकात आयर्लंडची भरभराट झाली. पिढ्यानपिढ्या माणसं बाहेर पाठवणाऱ्या देशात पहिल्यांदाच माणसं येऊ लागली. आणि 2004 मध्ये सार्वमत घेऊन, सुमारे 79 टक्के मतांनी, तिथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला मिळणारं नागरिकत्व बंद केलं गेलं. यापुढे आईबाप कोण हे बघणार. ज्यांची निम्मी भावंडं बॉस्टन आणि लिव्हरपूलला, त्यांनी हे मत द्यावं! पुढे तीन वर्षांनी ॲबीनेच 'प्लेबॉय' नव्याने केलं. नायजेरियाचे बिसी अडिगुन आणि डब्लिनचे रॉडी डॉइल यांनी मिळून लिहिलेलं. आता बापाला मारून आलेला पोरगा नायजेरियन, आणि गुत्ता डब्लिनच्या पश्चिमेकडचा. 1907 चा नायक निर्वासित झाला. (पुढे या रूपांतराच्या हक्कांवरून कोर्टकचेरी झाली, ते वेगळंच महाभारत.)

लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला तेव्हा आपल्याकडे मालवणचा मुलगा म्हणून केवढा आनंद झाला होता. वडील वराड गावचे, आई आयरिश, स्वतः जन्माने डब्लिनकर. आपल्याला तो आपला वाटला याची मला गंमत वाटली. तो स्वतःला काय समजतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता स्टीफन रे. 2016 मध्ये डेव्हिड आयर्लंड (बेलफास्टच्या नाटककाराचं आडनावच हे, लेखकाने ठरवूनही जमलं नसतं) याचं 'सायप्रस ॲव्हेन्यू' ॲबीत आणि मग लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झालं. नायक एरिक मिलर, बेलफास्टचा, म्हणजे अजून ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडचा, कट्टर प्रोटेस्टंट, ब्रिटिशनिष्ठ. आपण ब्रिटिशच, आयरिश तर नाहीच नाही, यावर आयुष्य काढलेला. समोर मानसोपचारतज्ज्ञ आहे ती कृष्णवर्णीय ब्रिटिश बाई, आणि ती ब्रिटिश आहे हेच याच्या पचनी पडत नाही. याला काय झालंय, तर पाच आठवड्यांची नात त्याला गेरी ॲडम्स वाटते. जन्मभराचा शत्रू, अख्खं आयर्लंड एक करू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाचा तेव्हाचा नेता, आपल्याच घरात पाळण्यात! तो बाळाला इवलासा चष्मा लावतो, काळ्या मार्करने दाढी काढतो आणि निरखत बसतो. हसून हसून पोट दुखतं. आणि शेवटी तो जे करतो ते इथे लिहिणार नाही, कमकुवत काळजाच्या माणसाने वाचूही नये. ही भूमिका रेने केली. 1980 मध्ये ज्याने आयरिश नावं पुसायला मदत करणारा ओवेन केला, त्यानेच 36 वर्षांनी हा एरिक केला. नट म्हणून हा प्रवास कसला आहे!

आणि ज्या दिवसांत हे ॲबीत चाललं होतं, त्याच ॲबीवर बायका चिडलेल्या होत्या. 1916 च्या उठावाच्या शताब्दीसाठी जाहीर केलेल्या दहा नाटकांत बाईने लिहिलेलं एकच होतं. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये त्यावरून 'वेकिंग द फेमिनिस्ट्स' चळवळ उभी राहिली. तीच गत ट्रॅव्हलर या भटक्या समाजाची. मरीना कारने 1998 मध्ये 'बाय द बॉग ऑफ कॅट्स'मध्ये ग्रीक शोकांतिकेतल्या मेडियाची गोष्ट आयरिश दलदलीत आणली, तिची नायिका या समाजातली. पण त्याच समाजातल्या रोझलीन मॅकडोनाचं स्वतःचं नाटक ॲबीत यायला 2021 उजाडावं लागलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी आयर्लंडचं उदाहरण दिलं, तर मी त्याला 'वॉलवर्थ फार्स' वाचायला देणार आहे. तासा-दोन तासांत वाचून होतं. त्यानंतरही त्याला आयर्लंडचाच दाखला द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, मी ऐकून घेईन.